कन्नंबाडीचे बैल

म्हैसूरला गेलेली मराठी सहल संध्याकाळी वृंदावन गार्डनला जातेच. कारंजी, रंगीत दिवे, फोटो आणि परतीच्या बसची घाई. ही बाग ज्या कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी आहे, त्याच्या पाण्याखाली जुने कन्नंबाडी गाव गेले. मे १७९१ मध्ये याच गावाशी लॉर्ड कॉर्नवॉलिसचा तळ होता. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण हाकेच्या अंतरावर, पण वेढ्याच्या तोफा ओढायला बैलच उरले नव्हते. हजारोंनी मेले होते. पाऊस लागला होता, धान्य संपत आले होते, छावणीत देवीची साथ होती. शेवटी गव्हर्नर जनरलने आपल्याच अवजड तोफा फोडून टाकल्या आणि पाठ फिरवली.

परतीच्या वाटेवर, मेलकोट्याच्या बाजूला, घोडेस्वार दिसले. शत्रूचे समजून इंग्रजांनी बंदुका सरसावल्या. स्वार पुण्याचे निघाले. मागून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन येत होते. टिपूच्या लोकांनी वाटेत जासूद अडवल्यामुळे एवढी मोठी मराठी फौज जवळ आल्याचा कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता. मराठी लष्कराबरोबर नेहमीप्रमाणे बाजार होता. धान्य, कापड, काश्मिरी शाली, जवाहीर, अगदी विलायती चाकूसुद्धा. भाव चढे होते, पण माल होता. उपाशी इंग्रजी छावणी त्या बाजारावर जगली आणि आमच्या वाण्यांनी चांगला नफा कमावला. त्या नफ्याची पुढे काय किंमत पडली, ते पाहण्यासारखे आहे.

आधी पुण्याची बाजू ऐकली पाहिजे. नाना फडणवीस काही भोळे नव्हते. १७८५ मध्ये टिपूने नरगुंदला वेढा घालून तिथल्या भाव्यांना कैद केले, कित्तूर घेतले. त्यावरून युद्ध झाले आणि १७८७ मध्ये गजेंद्रगडचा तह झाला. टिपूने ४८ लाख कबूल केले, बदामी मराठ्यांकडे आली. पण टिपूच्या शब्दावर पुण्याचा भरवसा बसला नाही आणि तो बसावा असे त्याचे वर्तनही नव्हते. मलबार आणि कोडगूमधल्या आठवणी कडू आहेत. मेलकोट्याचे मंड्यम अय्यंगार नरकचतुर्दशी साजरी करत नाहीत ते टिपूच्या काळातल्या कत्तलीच्या स्मृतीमुळे, असे सांगितले जाते. डिसेंबर १७८९ मध्ये टिपू त्रावणकोरवर चालून गेला, इंग्रजांना कारण मिळाले आणि १ जून १७९० रोजी पुण्यात इंग्रज-मराठा करार झाला. महादजी शिंद्यांना हे पसंत नव्हते. टिपू खचला की इंग्रजांना दक्षिणेत अडवणारे कोणी राहणार नाही, असे त्यांचे मत होते.

टिपू चांगला की वाईट, यावर कर्नाटकात आज निवडणुका लढवल्या जातात. नानांपुढचा प्रश्न वेगळा होता. वाईट शेजारी दुबळा झाला तर त्याच्या पलीकडचा शेजारी कोण, हा तो प्रश्न. नानांना आणि हरिपंतांना तो अजिबात सुचला नव्हता असे नाही. १७९२ च्या तहाच्या वेळी टिपूचे राज्य समूळ बुडू नये, हाच मराठ्यांचा रोख होता. पण तोवर तोफा श्रीरंगपट्टणच्या तटाला भिडल्या होत्या, आणि कुठे थांबायचे हे ठरवणे एकट्या पुण्याच्या हातात नव्हते.

मार्च १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांची खंडणी बसली आणि त्याची दोन मुले ओलीस गेली. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. पुण्याच्या दृष्टीने फायद्याची मोहीम.

खर्चाची बाजू आपण फारशी वाचत नाही. एकटे धारवाड घ्यायला सहा महिन्यांहून जास्त लागले. आणि १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला, शारदेची मूर्ती हलवली. स्वामींना मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी पैसा आणि मदत पाठवली ती टिपूने. त्याची स्वामींना लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये मठात सापडली. ब्राह्मण पेशव्यांच्या लष्कराने शृंगेरी लुटावी आणि टिपूने ती सावरावी, हे दोन्हीकडच्या आजच्या भक्तांना अडचणीचे आहे, म्हणून कोणीच फार बोलत नाही.

तरीही माझ्या मते खरा खर्च यातला नाही. तो अजून वहीवर चढायचा होता.

४ मे १७९९ रोजी टिपू मारला गेला तेव्हा पुणे बाजूला उभे होते. नंतर इंग्रजांनी अटींसह देऊ केलेला वाटा पेशव्यांनी नाकारला. दोन्ही युद्धांत इंग्रजांच्या बाजूने असलेल्या निजामाने घेतला, पण त्यांत मिळालेला मुलूख त्याने १८०० मध्ये तैनाती फौजेच्या खर्चापोटी कंपनीला देऊन टाकला. १७९२ ची त्याची कमाई जेमतेम आठ वर्षे टिकली. श्रीरंगपट्टणात इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली बसला, काही काळ टिपूच्याच दर्या दौलत महालात राहिला. १८०० मध्ये बंडखोर धोंडजी वाघाच्या पाठलागावर तो तुंगभद्रा ओलांडून मराठी मुलखात आला, तोही मराठ्यांच्या संमतीने. नद्यांचे उतार, दाणागोटा कुठे मिळतो, कोणता सरदार कोणावर रुसला आहे, हे सगळे त्याने तेव्हा पाहून घेतले. त्या मोहिमेत मराठा सरदार बापू गोखले त्याच्या बाजूने लढले.

आणि बैल. म्हैसूरच्या राजांनी दूधलोण्यासाठी पाळलेल्या गुरांचे खाते, 'बेन्ने चावडी', हैदर आणि टिपूने तोफा ओढण्यासाठी वाढवले. टिपूने त्याला अमृतमहाल हे नाव दिले. लांब शिंगांचे, सडपातळ, चालायला चपळ असे हे बैल. कन्नंबाडीला जे कॉर्नवॉलिसकडे नव्हते, ते १७९९ नंतर वेलस्लीच्या दावणीला आले. मार्च १८०३ मध्ये तो हरिहरहून निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात होता. दुसऱ्या बाजीरावाला वसईच्या तहाप्रमाणे गादीवर बसवायला! वाटेत पटवर्धन त्याला सामील झाले. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला काही दिवसांत पडला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्या मोहिमेत म्हैसूरचे घोडदळही इंग्रजांकडून होते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे १७९० च्या माथी कशाला? सवाई माधवराव १७९५ मध्ये गेले, नाना १८०० मध्ये, मग बाजीराव, होळकर-शिंद्यांची भांडणे. घर आतून पोखरले होते. खरे आहे. १७९० चे युद्ध टाळले असते तर मराठी राज्य वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण घर पोखरलेले असताना बाहेरची भिंत आपण स्वतः खर्च करून पाडावी का, हा प्रश्न उरतोच. आणि आपली सवय अशी की युद्धाची वही तहाच्या दिवशी बंद करायची. मुलूख किती, खंडणी किती, शत्रू किती नमला. मित्र त्या युद्धात काय शिकला, कोणत्या वाटा त्याच्या पायाखालून गेल्या, याला वहीत रकानाच नसतो. आजही एखादी मोहीम सफल झाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हीच बेरीज असते, आणि जो कोणी दहा वर्षांनंतरचे विचारतो तो शत्रूचा माणूस ठरतो. पुण्यात महादजींचा सल्ला दरबारी हेवेदाव्यांत बुडाला. महादजी-नानांचे पटत नाही, एवढ्यावर तो बाजूला टाकणे सोपे होते.

परशुरामभाऊ १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पडले. मेलकोट्याजवळ आपण ज्यांना धान्य विकले ते पुढे कुठवर आले, हे त्यांना पाहावे लागले नाही. बापू गोखल्यांना लागले. वेलस्लीच्या जोडीने धोंडजीचा पाठलाग केलेला हा माणूस २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला पेशव्यांना निसटायला वेळ मिळावा म्हणून इंग्रजी घोडदळावर चालून गेला आणि तिथेच पडला.