डिस्चार्ज मिळाला, पण शिकवलं कुणी?

मणक्याला मार लागून कमरेखालची जाणीव गेलेला माणूस घरी येतो, तेव्हा घरच्यांच्या हातात नुसती फाईल असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडावर कातडी लाल झालीय का बघायचं (त्याला स्वतःला दुखतच नाही ना!), लघवीची नळी कशी घालायची, हे बायकोला करून दाखवतं कोण? जखम चिघळली की ‘घरच्यांनी लक्ष दिलं नाही’ म्हणायला सगळे मोकळे.

नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, ती याच कोल्हापुरात. इथं तरी हे व्हावं: सीपीआर असो की खासगी, घरच्या दोघांनी स्वतःच्या हातानं सगळं करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज नको. दोघांनीच, कारण एकटी बाई किती रात्री जागणार?