अंतराळातील वणवा आणि भारताचे मौन

९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवरील रस्त्यांचे दिवे त्या क्षणी विझले. एवढ्यावरच भागले नाही. ब्रिटनचा पहिलावहिला उपग्रह एरियल-१ हाही त्यात जायबंदी झाला. ब्रिटन म्हणजे अमेरिकेचा जिवलग मित्र! अंतराळातील आगीला शत्रू कोण आणि सोयरा कोण हे कळत नाही, हा धडा जगाला तेव्हाच मिळाला होता.

तो कोणी गिरवला नाही. १९६७ च्या कराराने अण्वस्त्रे कक्षेत ठेवण्यास बंदी केली, परंतु जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडण्यास मोकळीक राहिली. २००७ च्या जानेवारीत चीनने सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरील आपलाच हवामान-उपग्रह फोडला. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले, आणि त्यांतील कित्येक अद्याप फिरत आहेत. पुढल्याच वर्षी अमेरिकेने आपला एक उपग्रह पाडला. २७ मार्च २०१९ रोजी भारताने तेच केले. आपण उंची कमी निवडली, हे खरे. तुकडे ४५ दिवसांत जळून जातील, असे सांगण्यात आले होते. काही मात्र वर्षाहून अधिक काळ वर राहिले, हेही खरे. २०२१ मध्ये रशियाच्या चाचणीने तर अंतराळ स्थानकातील खुद्द रशियन अंतराळवीरांनाच आश्रय शोधावयास लावले.

महासत्तांची ही स्पर्धा आशियात उतरते तेव्हा तिचे रूप अधिक भयानक होते. चीन अमेरिकेकडे पाहून शस्त्र घडवितो, भारत चीनकडे पाहून, आणि पाकिस्तान भारताकडे पाहून अस्वस्थ होतो. जो उपग्रह कोकणच्या मच्छीमाराला वादळाची वर्दी देतो, तशाच उपग्रहांवर सीमेवरची टेहळणीही चालते. ऐन तणावात असा एखादा डोळा अकस्मात मिटला, तर तो यंत्राच्या बिघाडाने मिटला की शत्रूच्या आघाताने, हे ठरविण्यास सेनापतींना अवधी किती मिळणार? तिन्ही शेजारी अण्वस्त्रधारी आहेत, हे येथे विसरून चालणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अशा विध्वंसक चाचण्या थांबविण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ मतांनी संमत झाला. रशिया व चीन यांनी विरोध केला. भारत तटस्थ राहिला! ठराव अमेरिकेने मांडला होता, आणि स्वतः पोटभर जेवून दुसऱ्याला उपासाचे माहात्म्य सांगण्याचा हा प्रकार होता, हे आम्हांस मान्य आहे. बंधनकारक करार हवा, ही भारताची भूमिकाही तत्त्वतः रास्त आहे. परंतु तो करार जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत १९८५ पासून चर्चेच्या गुऱ्हाळात अडकला आहे. तोवर वाट पाहत बसण्यात कोणते शहाणपण?

आपले सामर्थ्य २०१९ मध्ये सिद्ध झाले आहे. ते पुन्हा दाखविण्याचे कारण उरलेले नाही. अशी चाचणी भारत पुन्हा करणार नाही, अशी घोषणा पंतप्रधानांनी संसदेत करावी आणि त्याच दिवशी बीजिंग व इस्लामाबाद यांस तशाच घोषणेचे जाहीर आवाहन करावे, अशी आमची मागणी आहे.