होडीला रंग शेवटी

सुरतेच्या कतारगाम भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या एका वाचकबंधूंनी प्रश्न पाठविला आहे. भंगारवाल्याकडून त्यांनी १४ फूट लांबीची जुनी ॲल्युमिनियमची मोटारहोडी विकत घेतली असून, ती अंगणात ठेवून मुलांच्या मदतीने दुरुस्त करण्याचा त्यांचा विचार आहे. रंग कोणता लावावा, एवढेच त्यांना विचारावयाचे आहे. परंतु होडी का घेतली हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले आहे, आणि त्यामुळे उत्तर सविस्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. तापीला पुन्हा २००६ सारखा पूर आला, तर गल्लीतील म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना तीतून बाहेर काढता यावे, असा त्यांचा हेतू आहे.

हेतू चांगला आहे आणि भीतीही निराधार नव्हे. तापीवरील उकाई धरण १९७२ साली पुरे झाले, तेव्हा पुराची चिंता कायमची मिटली असे अनेकांस वाटले होते. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये त्या धरणातून दर सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली. वीज नाही, पिण्यास पाणी नाही, अशा स्थितीत दिवस काढावे लागले. त्या दिवसांत दाराशी येणाऱ्या होडीचे मोल काय असते, हे कतारगामकरांना सांगावयास नको.

मात्र अशा वेळी होडीत पाय ठेवणारा माणूस तळ तपासून पाहत नाही. तो होडीच्या मालकावर विश्वास टाकून चढतो. म्हणून ज्या होडीला गळती आहे पण रंग नवा आहे, ती होडी मुळीच नसलेल्यापेक्षा वाईट, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. रंग सर्वांत शेवटी. त्याआधी काय काय करावयाचे, ते क्रमाने पाहू.

आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना लाकडी होडीची सवय आहे. उन्हाळ्यात वर ओढून ठेवलेली होडी पाण्यात उतरविली की आरंभी थोडी गळते. मग लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे मिटतात. ॲल्युमिनियमला पाणी पिता येत नाही. त्याचा उघडलेला सांधा आपोआप मिटणार नाही, तो मिटवावाच लागेल. हा फरक ज्याने ध्यानात घेतला, त्याने अर्धे काम केले.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. होडी भक्कम ठोकळ्यांवर ठेवावी, सुकवावी आणि आतून तीन-चार इंच पाणी भरावे. बाहेरून जेथे थेंब फुटेल तेथे खडूने खूण करावी. याहून अधिक पाणी भरू नये. बारा फूट लांब व चार फूट रुंद तळावर चार इंच पाण्याचे वजन साडेचारशे किलो भरते. ठोकळे कच्चे असतील तर बरी होडीही वाकेल. खुणा केल्यावर पाणी काढून टाकावे. सैल झालेल्या रिव्हेटच्या डोक्याला एका माणसाने जड लोखंडी ठोकळा टेकवावा आणि दुसऱ्याने आतील शेपटीवर हातोडीने बेताने ठोके द्यावेत. बहुतेक रिव्हेट याने घट्ट होतात. जो होत नाही, तो काढून त्याच जातीच्या धातूचा थोडा जाड रिव्हेट बसवावा. चिरलेला पत्रा सांधावयाचा असेल, तर ते काम आर्गॉन वायूच्या आडोशाने वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावे. ते घरचे काम नव्हे.

यानंतर पाहावयाचा तो धातूंचा संग. ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेने एक पातळ पापुद्रा येतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. परंतु तांबे, पितळ किंवा साधे लोखंड त्याला चिकटून असेल आणि दोहोंमध्ये खारट ओल असेल, तर विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. याचा धडा फार जुना आहे. १८९५ साली अमेरिकेत ‘डिफेंडर’ नावाची शर्यतीची नौका बांधली. तिचा तळ काशाचा, वरचा भाग ॲल्युमिनियमचा आणि सांगाडा पोलादाचा होता. नौका वेगवान निघाली, शर्यतही जिंकली; परंतु खाऱ्या पाण्यात तिचे ॲल्युमिनियम झपाट्याने झिजले आणि १९०१ साली ती मोडीत काढावी लागली. उलट, सुरतेहून मुंबईस आलेल्या वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. धातू नवा म्हणून टिकतो असे नाही; कशाच्या संगतीत ठेवला, यावर त्याचे आयुष्य ठरते.

तेव्हा पितळी स्क्रू, लोखंडी खिळे आणि साधे बोल्ट काढून टाकावेत. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट लागलाच, तर मध्ये नायलॉनची चकती व सीलंट द्यावे. तळाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणारे ताम्रयुक्त रंग या होडीला विषासमान समजावेत. रक्षणासाठी त्यागाचा धातू म्हणून एक छोटी वडी तळाशी बसवितात. होडीऐवजी ती वडी झिजते. खाऱ्या पाण्यात ती जस्ताची असते, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमची. कतारगामच्या शेजारी सिंगणपोरच्या बंधाऱ्यावर नदी गोडी आहे आणि त्याच्या खाली भरतीचे खारे पाणी येते. होडी कोठे राहणार, हे आधी ठरवूनच वडी निवडावी.

होडीचा खरा शत्रू मात्र उघड्या पाण्यात नसतो, तो दडलेल्या ओलीत असतो. मागील बाजूस, जेथे इंजिन लटकते, तेथे पत्र्यांच्या मध्ये लाकडी फळी असते. ती बाहेरून धड दिसते आणि आत कुजून भुसा झालेली असते. टोच्याने टोचून पाहावी. टोच्या सहज रुतला, तर फळी बदलावी. नवी फळी मरीन प्लायवूडची असावी, तिच्या सर्व कडांना इपॉक्सी पाजावे. वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरविलेले लाकूड येथे चालत नाही. बाकांखालील फेसही काढून पाहावा. होडीत पाणी शिरले तरी तिला तरती ठेवावयाची, हे त्याचे काम. तो पाणी पिऊन जड झाला असेल तर बदलावा, पण त्याची जागा रिकामी ठेवू नये. थर्माकोल घालू नये, कारण पेट्रोलचा स्पर्श होताच तो विरघळतो. नोहाच्या तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावावे लागले, हे आपणांस ठाऊक आहे. आतली बाजू कोणी पाहत नाही म्हणून सोडावयाची नसते.

इंजिनासंबंधी थोडक्यात सांगतो. जुने पेट्रोल काढून टाकावे; आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते ओल शोषून घेते. पंपाचे रबरी चाक बदलावे. पंखा काढून, पाण्याने भरलेल्या पिंपात खालचा भाग बुडवूनच इंजिन चालवावे, कोरडे चालविल्यास ते चाक जळते. बंद खोलीत तर कदापि चालवू नये, धूर प्राणघातक असतो. जुना रंग खरवडताना पाणी मारून घासावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो.

आता माणसांची संख्या. लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणावी आणि पंधराने भागावे. शांत पाण्यात तेवढीच माणसे, असा छोट्या मोटारहोड्यांचा ठोकताळा आहे. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडीत याप्रमाणे ४ माणसे बसतात, पाचवा नाही. पुराच्या प्रवाहात त्याहूनही कमी. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ शाळकरी मुले व २ शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तो तर संथ तलाव होता. म्हणून रंगासाठी ठेवलेल्या पैशांतून आधी चार जाकिटे घ्यावीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे होडीची नोंदणी व तपासणी करून घ्यावी, आणि पूर आल्यास अधिकाऱ्यांना विचारल्यावाचून प्रवाहात घालू नये.

इतके सारे झाल्यावर, बंधो, आपला प्रश्न उरतो. पत्रा स्वच्छ घासून त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर द्यावा, आणि वर गडद नारिंगी रंग लावावा. तापीच्या गढूळ पाण्यात तो दुरून दिसेल. आतल्या बाजूस, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा जागी, मोठ्या अक्षरांत लिहावे : ‘माणसे ४’. आणि ती पाटी पुसट होऊ लागली, की होडीचा बाकीचा रंग कसाही असो, तेवढी मात्र दरवर्षी मिरगापूर्वी नव्याने रंगवावी.