जिल्हा श्रीमंत, मोहल्ला गरीब

राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडला जातो. मग पेपरात जिल्ह्यांची क्रमवारी छापून येते. दरडोई उत्पन्नात मुंबई वर, ठाणे आणि पुणे वरच्या रांगेत, नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाला. वर्षं बदलतात, रांग फारशी बदलत नाही.

मी ठाणे जिल्ह्यात राहतो आणि भिवंडीत मुलांना उर्दू व मराठी शिकवतो. म्हणजे कागदोपत्री मी महाराष्ट्रातल्या श्रीमंत जिल्ह्याचा रहिवासी आहे आणि माझे विद्यार्थी श्रीमंत जिल्ह्यातली मुलं आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे अब्बा यंत्रमागावर मीटरच्या हिशोबाने मजुरी करतात, कुणी गोदामात माल चढवतात-उतरवतात, कुणी रिक्षा चालवतात. या घरांना 'श्रीमंत जिल्ह्यातले' म्हणणं म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ही नुसती शब्दांची गंमत असती तर सोडून दिली असती. पण योजना कुठे जाणार, निधी कुठे वळणार, 'मागास' कुणाला म्हणायचं हे सगळं याच क्रमवारीवरून ठरत असतं.

आधी दरडोई उत्पन्न म्हणजे काय ते बघू. २०२२-२३ साली महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न सुमारे २ लाख ५२ हजार रुपये होतं. पाच माणसांचं घर धरलं तर वर्षाला १२ लाख ६० हजार, महिन्याला १ लाख ५ हजार रुपये. आपापल्या गल्लीत नजर टाका आणि महिन्याला लाख रुपये येणारी घरं बोटांवर मोजा. त्याच सुमारास केंद्र सरकारने घरोघरी जाऊन कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिच्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,६५७ रुपये आणि ग्रामीण भागात ४,०१० रुपये निघाला. म्हणजे पाच माणसांचं शहरी घर सुमारे ३३ हजारांत आणि गावातलं घर २० हजारांत चालतं.

एकीकडे १ लाख ५ हजार, दुसरीकडे ३३ हजार. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही खरे. फरक मोजण्यात आहे. दरडोई उत्पन्नात कंपन्यांचा नफा, बँकांचा व्यवसाय, बिल्डरची कमाई, बचत, सगळं येतं आणि मग त्याला लोकसंख्येने भागलं जातं. शिवाय जिल्ह्याचं उत्पन्न काढताना त्या जिल्ह्याच्या हद्दीत किती मूल्य तयार झालं हे बघतात. ते कुणाच्या खिशात गेलं हे बघत नाहीत. भिवंडी तालुक्यात मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. देशभरात घरपोच जाणारा माल तिथून निघतो. त्या धंद्याचं मूल्य ठाणे जिल्ह्याच्या खात्यावर जमा होतं, नफा मालकाच्या शहरात जातो आणि भिवंडीच्या पोराच्या हातात दिवसाची हजेरी पडते. उलट बाजूही आहे. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईच्या ऑफिसात जाणाऱ्याची मेहनत मुंबईच्या हिशोबात धरली जाते, पण तो पगार घेऊन येतो ठाणे जिल्ह्यात. त्यामुळे 'जिल्ह्याचं उत्पन्न' आणि 'जिल्ह्यातल्या माणसांचं उत्पन्न' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या शाळांत गणिताचे शिक्षक मध्य आणि मध्यक शिकवतात, ते इथे उपयोगी पडतं. समजा, एका गल्लीत दहा घरं आहेत. नऊ घरांत महिन्याला १५ हजार येतात आणि दहावं घर शेटचं, तिथे ३ लाख येतात. गल्लीची सरासरी निघते ४३,५००. त्या गल्लीत ४३,५०० कमावणारं एकही घर नाही! घरं चढत्या क्रमाने लावून मधलं घर बघितलं तर उत्तर येतं १५ हजार. हा मध्यक, आणि गल्लीची खरी हालत तोच सांगतो.

अमेरिकेत कौंटी असतात, आपल्या जिल्ह्यांसारख्याच म्हणा. तिथे जनगणना विभाग प्रत्येक कौंटीच्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न जाहीर करतो आणि सरकारी घरमदतीची मर्यादा स्थानिक उत्पन्न व घरभाडं बघून ठरते. म्हणूनच २०१८ साली सॅन फ्रान्सिस्को कौंटीत चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला १ लाख १७ हजार ४०० डॉलर मिळत असले तरी घराच्या मदतीसाठी ते 'कमी उत्पन्नाचं' धरलं गेलं. त्याची जगभर बातमी झाली, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. माणूस किती कमावतो हे एकट्याने काहीच सांगत नाही. तो कुठे राहून कमावतो आणि तिथे छप्पर केवढ्याला पडतं, हे सोबत विचारावं लागतं.

अमेरिकेतली सगळीच मापं मात्र आपल्याला चालणार नाहीत. तिथला एक सर्वमान्य नियम असा की घराचा खर्च मिळकतीच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तर ते घर परवडणारं. आता समजा, भिवंडीतल्या एका घरात महिन्याला १८ हजार येतात, माणसं पाच. खोलीचं भाडं ५ हजार. म्हणजे जेमतेम २८ टक्के. नियमाने घर परवडलं! पण हिशोब पुढे नेऊ. किराणा, दूध, भाजी ८ हजार. वीज, गॅस, पाणी २ हजार. शाळा, शिकवणी, येणंजाणं २ हजार. राहिले एक हजार. त्यात कपडे, ईद, लग्नकार्य, गावी पाठवायचे पैसे आणि आजारपण. घरात एकाला ताप आला, रक्त तपासलं, दोन दिवस खाडा पडला की हजार रुपये गेले आणि वर उधारी झाली. लाख रुपये कमावणाऱ्याने ३० टक्के भाडं दिलं तर त्याच्याकडे ७० हजार उरतात. १८ हजारवाल्याने दिलं तर उरलेल्यात पोटही नीट भरत नाही. टक्का तोच, जगणं वेगळं.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच सांगून ठेवलं आहे की घर जितकं गरीब, तितका खर्चातला जास्त वाटा अन्नावर जातो. मघाच्या खर्च पाहणीत देशाच्या शहरी भागात हा वाटा सरासरी ३९ टक्के होता. आपल्या कल्पनेतल्या घरात तो जवळपास ४७ टक्के निघतो, म्हणजे ग्रामीण भारताच्या ४६ टक्क्यांच्याही वर. राहायला महानगरात, खर्चाची ठेवण गरीब खेड्याची.

शिवाय ही १८ हजारांची मिळकत तरी नियमित कुठे असते? यंत्रमाग कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर असते. वीज गेली, सूत महाग झालं, कापडाला उठाव नाही म्हणून मालकाने माग बंद ठेवले, तर मजुरी नाही. भाडं मात्र एक तारखेला द्यावंच लागतं. पगारदार माणसाला महिन्याची सरासरी कळते. मजुराला वाईट महिना कळतो, कारण कर्ज त्याच महिन्यात होतं.

आणि पाच हजारांत मिळणारी खोली कशी असते? २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. झोपेत असलेली तीसहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. स्वस्त भाड्याचा उरलेला पैसा असा वसूल होतो. राहणीमान स्वस्त आहे की महाग, हे सांगणाऱ्या तक्त्यांत भाड्याचा रकाना असतो, पण छत डोक्यावर पडण्याच्या भीतीचा नसतो.

शिक्षक म्हणून मला या सगळ्याचा परिणाम हजेरीपटावर दिसतो. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं वाढवलं किंवा डिपॉझिट जास्त मागितलं की घर हलतं. घर हललं की मूल शाळेला लांब पडतं. वर्षाच्या मधेच दाखला मागायला पालक येतात. काही मुलं दाखला न नेताच दिसेनाशी होतात. त्यांच्या नावापुढे आपण 'गळती' लिहितो. खरं कारण घरभाडं असतं आणि ते लिहायला पटावर रकानाच नाही.

१९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल आला, तो डॉ. महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाच्या पुढाकाराने. अमर्त्य सेन त्यांचे मित्र आणि सहकारी. पैशासोबत आयुर्मान आणि शिक्षण मोजलं नाही तर विकास कळत नाही, हे त्यांनी जगाच्या गळी उतरवलं. महाराष्ट्रानेही पुढे जिल्हावार मानव विकास अहवाल काढले. माप सुधारलं. पण एकक जिल्हाच राहिला, आणि घोळ तिथेच आहे.

२०१८ साली केंद्र सरकारने १११ शहरांची 'जगणं किती सुकर' अशी यादी काढली. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, ठाणे सहावं. पहिल्या सहांत ठाणे जिल्ह्यातली दोन शहरं, आनंदाची गोष्ट आहे. आता त्याच जिल्ह्यात शहापूरला जा. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा भातसाचा आहे. आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच आदिवासी पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या असतात. भिवंडीत ठाणे-कल्याणसारखी लोकल नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, पण ती धावेपर्यंत माणूस खड्डे आणि ट्रकमधून वाट काढत जाणार. घोडबंदरचा टॉवर, शहापूरचा पाडा आणि भिवंडीची मागवाली गल्ली एका भागाकारात घातल्यावर जे उत्तर येतं ते तिघांपैकी कुणाचंच नसतं.

म्हणून हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. शहापूरच्या ठाकर-कातकऱ्यांचाही तोच आहे. पण आपल्या समाजाचा एक ताजा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. त्यानंतर २००८-०९ पासून देशातले ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडून तिथे विकासाचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा. त्यांना मिळालं ते रास्तच होतं. पण भिवंडी किंवा मालेगावसारखं शहर जिल्ह्याच्या हिशोबात विरघळून जातं. ठाण्याच्या आणि नाशिकच्या आकड्यांत तिथली लोकसंख्याही पातळ होते आणि गरिबीही. अखेर बाराव्या पंचवार्षिक योजनेत सरकारनेच एकक बदललं आणि जिल्ह्याऐवजी तालुका पातळीवरचे गट आणि शहरं निवडायला सुरुवात केली. म्हणजे जिल्ह्याची सरासरी गरजवंताला झाकते, हे सरकारलाही मान्य आहे. मग बाकीच्या योजनांत तीच सरासरी कशाला?

शिष्यवृत्तीचं उदाहरण घ्या. अल्पसंख्याक मुलांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला १ लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. २०२२-२३ पासून तर पहिली ते आठवीची मुलं त्यातून वगळलीच गेली. पण मर्यादा बघा. नंदुरबारच्या खेड्यात असो की भिवंडीच्या भाड्याच्या खोलीत, रेषा एकच. जिथे भाड्यातच वर्षाला ६० हजार जातात, तिथे या रेषेला काय अर्थ उरतो?

आपल्याकडे जकातीचा हिशोब लावताना वर्षभरात किती मिळवलं यापेक्षा गरजा आणि देणी भागवून किती उरलं हे बघतात. घरोघरच्या अम्मींना हे पाठ आहे. हातात किती आलं ही कमाई, घरात किती टिकलं ही बरकत. सरकारी पाहण्यांनी हा दुसरा प्रश्न विचारायला लागावं, एवढीच माझी मागणी आहे.

ती नेमकी मांडतो. दरडोई उत्पन्न खुशाल छापा, पण त्याच्या बाजूला कुटुंबाचं मध्यक उत्पन्न छापा. आकडे तालुका आणि महापालिकानिहाय द्या, मोठ्या शहरांत प्रभागनिहाय द्या. भाडं, वीज आणि पाणी वजा करून घरात काय उरतं ते सांगा. आणि शाळा, दवाखाना, कामाची जागा घरापासून किती वेळावर आहे ते मोजा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे अजून २०११ च्या आकड्यांवर गाडा ओढला जातोय. पुढची मोजणी होईल तेव्हा खानेसुमारी करणारा दारात आला की खोलीत किती माणसं राहतात, पाणी कुठून येतं, घर भाड्याचं की स्वतःचं, हे खरंखरं सांगा. लाजेखातर वाढवून सांगू नका आणि भीतीपोटी लपवू नका. तो आकडा पुढची कितीतरी वर्षं आपल्या मुलांच्या बाजूने किंवा विरोधात बोलणार आहे.

आणि सरकारची वाट बघत बसायचीही गरज नाही. मोहल्ल्यात कॉलेजला जाणारी मुलंमुली आहेत. दहा प्रश्नांचा एक कागद घेऊन त्यांनी शंभर घरं फिरावीत: भाडं किती, उधारी किती, शेवटचं आजारपण केवढ्याला पडलं, कुठलं मूल शाळेत नाही आणि का नाही. नाव-गाव लिहू नका, फक्त आकडे घ्या. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यासमोर आपण गटार आणि लाइटचं गाऱ्हाणं मांडतो, तो मान डोलावतो आणि जातो. त्याच्या हातात शंभर घरांचा हिशोब ठेवा. मग ठाणे श्रीमंत जिल्हा आहे हे उत्तर त्याला पुरणार नाही.