पुढचे चार हात

भाद्रपद सरत येतो तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील माळावर गवत कमरेएवढे झालेले असते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर जगत आला आहे. त्यामुळे दशलक्षण पर्व संपून क्षमावणी होते न होते तोच अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो : दोन-तीन वर्षे न चरलेल्या, न कापलेल्या कुरणाचे करावे काय? कुसळी माजलेली असते, बांधाकडून घाणेरी आत शिरलेली असते, मधूनमधून बाभळीची रोपे आणि गाजरगवत. जनावर अशा गवताला तोंड लावीत नाही. आणि जुन्या काडीखाली नवा कोंब दबून जातो.

काहीजण उन्हाळ्याची वाट पाहून काडी ओढतात. आग स्वस्त खरी. परंतु सरडा, साप, कोळी, अळ्या, अंडी यांना तिच्यातून सुटका नाही. तणनाशकाने मुळासकट सारेच जाते. उरतो तो ट्रॅक्टरमागे जोडलेला स्लॅशर.

जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावयाचा. शेतीतील उद्योगी हिंसा त्याला सर्वथा टाळता येत नाही. मात्र ‘टळत नाही’ याचा अर्थ ‘कशीही चालेल’ असा नव्हे. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या गणली आहे, आणि विनाकारण वनस्पती तोडणे हा तिचाच भाग आहे. म्हणून पहिला विचार हा, की सारे कुरण कापण्याची गरज आहे काय?

यंत्राचा स्वभावही जाणून घ्यावा. ट्रॅक्टरचा पीटीओ सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो. स्लॅशरचा गिअरबॉक्स ती गती वाढवून आडव्या पात्यांना देतो. पात्याला डोळे नाहीत. समोर काडी आहे की घरटे, हे चालकानेच पाहावयाचे. आणि उंच गवतात ट्रॅक्टरच्या आसनावरून जमीन दिसत नाही.

अशाच एका घरातील प्रसंग. नातू ट्रॅक्टर सुरू करून म्हणाला, “आबा, दिवस मावळायच्या आत सगळं उरकतो.” म्हातारा काठी घेऊन उठला. “उरकशील रे, पण आधी मी पुढनं एक फेरी मारतो. घाई कशाला?” कुसळीच्या एका ठोंबाखाली लाव्ह्याची अंडी निघाली. चार काठ्या रोवून, दहा पावलांचा घेर सोडून ट्रॅक्टर वळसा घालून गेला. तीन आठवड्यांनी तेथे केवळ रिकामी टरफले होती. लाव्ह्याची पिले अंड्यातून निघाल्यावर लवकरच आईमागे चालू लागतात. तेवढ्या दिवसांनी कुरणाचे काहीच बिघडले नाही.

मुनी ईर्यासमिती पाळताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. आबांनी काठीने केले ते याहून फार निराळे नव्हते.

कापणीची दिशाही महत्त्वाची असते. कडेने गोल फिरत आत गेल्यास ससे, तित्तर, लावे उरलेल्या गवतात सरकत शेवटी मध्यभागी कोंडले जातात. मधोमध सुरुवात करून बाहेरच्या बाजूस आल्यास त्यांना बांधाकडे वाट मिळते. स्कॉटलंडमध्ये गवतात घरटी करणाऱ्या कॉर्नक्रेक या दुर्मिळ पक्ष्यासाठी शेतकरी कापणी उशिरा आणि आतून बाहेर करतात. त्यासाठी त्यांना अनुदानही मिळते. जे तेथे धोरण आहे ते येथे धर्म म्हणून सहज पाळता यावे.

पाती जमिनीला टेकवू नयेत. पाच-सहा इंच खुंट राखल्यास जमिनीलगतचे जीव वाचतात, दगड उडत नाहीत आणि गवत लवकर फुटते. पहाटेच्या गारव्यात सरपटणारे जीव सुस्त असतात. ऊन चढल्यावर त्यांना पळता येते. रात्री दिव्यावर कीटक धावतात, तेव्हा ती वेळ वर्ज्यच. बांधालगतचा एक पट्टा दरवर्षी न कापता सोडावा. गाजरगवत मात्र फुलोऱ्यापूर्वीच काढावे, अन्यथा यंत्रच त्याचे बी पसरवते. आणि गवत वैरणीसाठी हवे असेल तर विळाच बरा. स्लॅशर त्याचा चुरा करतो.

माणसाचा जीवही याच हिशेबात येतो. पात्याखालून सुटलेला दगड दूरवर जातो, म्हणून मुलांना बांधावरसुद्धा उभे करू नये, मडगार्डवर तर कधीच बसवू नये. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहतात; इंजिन बंद होऊन ती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. उचललेल्या स्लॅशरखाली आधार दिल्याशिवाय हात घालू नये.

क्षमावणीला श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो. गवतातल्या लाव्ह्याला ती प्रार्थना ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती पात्यापुढे चालणारी काठी.