विश्लेषण : जुन्या गाडीला नवा सायलेन्सर, आवाजापेक्षा बसवणी का महत्त्वाची?

सीताबर्डीच्या मुंजे चौकात संध्याकाळी सातला दोन मिनिटं उभं राहा. वर मेट्रोचं स्टेशन, खाली खरेदीची गर्दी. त्यातून एखादी बुलेट ‘फट् फट्’ करत निघाली की फूटपाथवरचं लहान मूल दचकून आईचा हात घट्ट धरतं. चालवणाऱ्याच्या मागे बसलेला मित्र मात्र खुश असतो. ‘कशी वाजून राहिली न भाऊ!’

यावरचा सरकारी उपायही आपण मोबाइलवर पाहिलेला आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे आणि त्यावरून रोड रोलर फिरवायचा. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी हे केलं. माझा या कारवाईला विरोध नाही. पण तिच्यामुळे सायलेन्सर बदलणं म्हणजे आवाज वाढवणं, एवढंच समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं झालंय. यात एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नाही. ती म्हणजे बदललेला सायलेन्सर गाडीखाली बसवलाय कसा. आवाजामुळे कान किटतात, पण चुकीच्या बसवणीमुळे गाडीत बसलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

बाहेरचा सायलेन्सर नेमका कोणाला लागतो?

हौशी पोरांपेक्षा जास्त गरज जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना असते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी घ्या, कॉन्टेसा घ्या, किंवा गोव्यात तयार झालेली, फायबरग्लासच्या बॉडीची दोन आसनी सॅन स्टॉर्म घ्या.  या गाड्यांचं उत्पादन थांबून वर्षं लोटली. कंपनीचा सायलेन्सर सडला की दुसऱ्या गाडीचा जुळवून घ्यायचा, नाहीतर पाइप वाकवून, वेल्डिंग करून नवा बनवायचा, एवढेच पर्याय उरतात. अशा मालकाला ‘ओरिजिनलच लावा’ असं सांगण्यात अर्थ नाही. त्याला लावायचा कसा हे सांगायला हवं, आणि ते मराठीत फारसं कुणी सांगत नाही.

यात अवघड काय आहे?

चालू इंजिन स्थिर नसतं, सगळी गोष्ट इथून सुरू होते. ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की हलतं. पद्मिनीसारख्या गाडीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं असतं, ते डावी-उजवीकडे झुकतं. आडवं बसवलेलं इंजिन पुढे-मागे डुलतं. एक्झॉस्टचा पाइप या हलणाऱ्या इंजिनाला एका टोकाला घट्ट बोल्टनं जोडलेला असतो आणि बाकीचा न हलणाऱ्या बॉडीखाली लटकतो. ही ओढाताण कुठे तरी जिरलीच पाहिजे. ती जिरवायची कामगिरी रबरी हँगरची, आणि पुढच्या भागात लवचीक जोड असेल तर त्याची.

आता नेहमी दिसणारी चूक. हँगरचं रबर तुटलं की गॅरेजवाला जाड तारेनं पाइप बांधतो किंवा लोखंडी पट्टी थेट बॉडीला वेल्ड करतो. ‘आता हलणारच नाही’ म्हणून मालकही समाधानी होतो. पण पाइप हलला नाही तर इंजिनाचा प्रत्येक झटका पुढच्या फ्लँजवर आणि मॅनिफोल्डवर येतो. मॅनिफोल्ड बिडाचा असतो, तो वाकत नाही, तडकतो. शिवाय पाइपची थरथर बॉडीत उतरते आणि चाळीसच्या वेगाला सगळी गाडी गुणगुणू लागते. मालकाला वाटतं इंजिन खराब झालं.

नियम सोपा आहे. इंजिनाजवळच्या पाइपला आधार द्यायचा तर तो इंजिन किंवा गिअरबॉक्सवरूनच द्यायचा, कारण ते दोन्ही एकत्र हलतात. त्यामागचं सगळं रबरावर.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. साधं पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढतं. ३ मीटरच्या पाइपचं तापमान सरासरी ३०० अंशांनी वाढलं असं धरलं, तर तो जवळपास ११ मिलिमीटर लांब होतो. हौसेनं स्टेनलेस स्टीलचा (३०४ प्रतीचा) बनवून घेतला असेल तर तोच आकडा १५ मिलिमीटरवर जातो, कारण स्टेनलेस जास्त प्रसरण पावतं. ‘स्टेनलेस लावलं, आता कायमचं काम’ म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. थंड असताना हँगर अगदी ताठ बसवले, तर पाइप गरम झाल्यावर ही लांबी जायची कुठे? मग तो शेवटच्या ब्रॅकेटला ढकलतो, नाहीतर मागच्या बंपरला टेकतो.

बसवण्याचा क्रम काय असावा?

इथे घाई सगळ्यात जास्त नडते. सगळे जोड आधी फक्त हातानं आवळायचे. पुढून सुरुवात करून पूर्ण पाइप लटकवायचा, आडवा-उभा सरळ करायचा, आणि मग पुढून मागे एकेक जोड पान्यानं आवळत जायचं. पहिला जोड आधीच कचकचून आवळला की पुढचा प्रत्येक पाइप ओढूनताणून बसवावा लागतो. तो ताण नंतर गॅस्केटवर निघतो. गॅस्केट दर वेळी नवीनच घ्यावं. जुनं एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही, आणि त्याच्यावर पेस्ट थापून भागवणं म्हणजे चार महिन्यांची सोय.

गाडी लिफ्टवर असताना मागची चाकं खाली लोंबतात, त्यामुळे ॲक्सल आणि पाइपमध्ये भरपूर जागा दिसते. पद्मिनीच्या मागच्या पाटा स्प्रिंगवर गाडीचं वजन आणि चार माणसं आली की तीच जागा आटते आणि पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल पाइपला ठोकतं. म्हणून अंतर मोजायचं ते गाडी चाकांवर उभी असताना. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग आणि टाकी यांच्यापासून निदान २०-२५ मिलिमीटर मोकळीक हवी, शक्य तिथे जास्त, आणि टाकीजवळ मध्ये पत्र्याचं उष्णतारोधक आवरण. ब्रेक ऑइल सतत तापलं तर उकळून त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो, तेव्हा तर ही मोकळीक कंजुषीनं ठेवूच नये. सॅन स्टॉर्मच्या फायबर बॉडीला तर पत्र्याइतकीही उष्णता सोसत नाही.

वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढलीच पाहिजे. टाकीजवळ वेल्डिंग गाडीवर करूच नये, पाइप खाली उतरवून करावं.

जीवाचा धोका कुठून येतो?

गळणाऱ्या जोडातून. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. देशात नव्या पेट्रोल गाड्यांसाठी तो १९९५ पासून, तोही आधी चार महानगरांत सक्तीचा झाला. त्यामुळे इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा पाइपमधून येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोरानं चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. नागपूरच्या उन्हात माणूस म्हणणार, ऊन लागलं.

आकडा बघा. अशा जुन्या पेट्रोल कारला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, म्हणजे ३०,००० पीपीएम. अमेरिकेतली निओश ही कामगार सुरक्षा संस्था १,२०० पीपीएमलाच जीवाला तात्काळ धोका मानते. याचा अर्थ पीयूसीत ‘पास’ झालेल्या गाडीचा धूरही जर फ्लोअरच्या भोकातून, गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून किंवा डिकीच्या सैल सीलमधून आत आला, तर तो पुरेसा घातक आहे. जुन्या गाडीत एसी बसवून काचा बंद ठेवणाऱ्यांनी तर हे नीट वाचावं. आणि टेलपाइपचं तोंड बॉडीच्या बाहेर आलंच पाहिजे. बंपरच्या आत लपवलेला पाइप दिसायला सुबक असतो, पण चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर परत डिकीकडे ओढला जातो.

यात एक विचित्र गंमतही आहे. जोड गळत असेल तर प्रत्येक धक्क्यानंतर पाइपमध्ये थोडी बाहेरची हवा ओढली जाते आणि धूर पातळ होतो. पीयूसीचं यंत्र टेलपाइपमध्ये घातल्यावर आकडा कमी दाखवतं. म्हणजे सडक्या जोडाच्या गाडीची पावती चांगली येऊ शकते! ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणारा ‘फट्’ आवाजही बऱ्याचदा याच शिरलेल्या हवेचा असतो. न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटतं. ज्याला मित्रमंडळी ‘रेसिंगचा आवाज’ म्हणतात, ती अनेकदा गॅस्केट बदलण्याची सूचना असते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच. आवाज किंवा प्रदूषणाचं मानक मोडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं.

५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी विंटेज नोंदणी आहे. तिची अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. सडलेला सायलेन्सर बदलणं या शब्दांत बसत नाही असं माझं मत आहे. पण ते आरटीओच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा, उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचे बदली सायलेन्सर तपासून प्रमाणित करण्याची सोपी सोय हवी. आवाज मोजावा, जोड तपासावेत, कागद द्यावा. रोलर फिरवणं सोपं आहे, तपासणं कटकटीचं.

आवाज मोजण्याबद्दलही एक खुलासा. कारसाठी ७४ आणि १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी ८० डेसिबल ही मर्यादा उत्पादनाच्या वेळची आहे आणि ती गाडी समोरून जाताना साडेसात मीटरवरून मोजतात. उभ्या गाडीच्या पाइपपासून अर्ध्या मीटरवर मोजण्याची पद्धत वेगळी. मोबाइल पाइपला चिकटवून ॲपवर ९५ दिसलं म्हणून गाडी बेकायदा ठरत नाही, आणि सायलेन्सरवर ‘८० डेसिबल’ छापलंय म्हणून कायदेशीरही होत नाही.

गाडी ताब्यात घेताना काय बघाल?

मोकळ्या जागेत, थंड इंजिन सुरू करून मेकॅनिकला जाड कापडानं टेलपाइप क्षणभर दाबायला सांगा आणि स्वतः गाडीच्या बाजूला वाकून ऐका. जोड पक्के असतील तर इंजिन गुदमरू लागतं. कुठे तरी ‘फस्स’ ऐकू आलं तर तिथे गळती आहे. मग हातानं टेलपाइप हलवून बघा. तो थोडा डुलला पाहिजे, पण कुठेही खडखडला नाही पाहिजे. साधारण १०० किलोमीटर चालवून, गाडी पूर्ण थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण पहिल्या काही तापण्या-थंडावण्यात गॅस्केट बसतं आणि बोल्ट सैल होतात. त्याच वेळी बॅटरीच्या उजेडात जोडांभोवती काळी काजळी दिसते का ते तपासा. दिसली, तर पैसे दिलेले असोत वा नसोत, गाडी परत त्याच गॅरेजला न्या, काचा उघड्या ठेवून.