वणव्याचा खरा आरोपी

फाल्गुन सरत आला की मुळशी तालुक्यातील माळांवर आणि टेकड्यांवर वणवे दिसू लागतात. त्यांच्यासोबत ठरावीक आरोपही पेटतो: गुराख्याने काडी लावली, निसर्ग भस्मसात झाला. ज्या हिंजवडी-माण परिसरात औद्योगिक विकास महामंडळाने गेल्या पाव शतकात जमिनी संपादून संगणक-उद्योगांची नगरी वसविली, तेथेही बोट गुराख्याकडेच दाखविले जावे, हा क्रूर विनोद होय.

वनस्पतिशास्त्र काय सांगते? बहुवर्षायु गवताचा कोंब जमिनीलगत असतो. वाळलेली पाती जळाली तरी पावसाळ्यात ठोंब पुन्हा फुटतो; झुडपांची कोवळी रोपे मात्र मरतात आणि माळ मोकळा राहतो. कुसळीचे बी आपल्या पीळदार कुसळाच्या जोरावर मातीत शिरते व आगीतून वाचते. म्हणून दरवर्षीची आग निरुपद्रवी ठरते, असे नव्हे. अमेरिकेतील कान्सास राज्याच्या कोन्झा कुरणावरील, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दरसाल जाळलेल्या गवताळ भागात वनस्पतींच्या जाती घटल्या. परंतु तेथे बायसन चरू दिले किंवा गवत कापले, तेव्हा विविधता टिकली. उंच, बलिष्ठ गवताची मक्तेदारी मोडली की दुर्बळ वनस्पतींना ऊन मिळते. तेव्हा आग किती वर्षांनी, कोणत्या ऋतूत आणि चराईच्या कोणत्या जोडीने, हा खरा प्रश्न आहे. पिढ्यान्पिढ्या माळ राखणाऱ्यांना वगळून त्याचे उत्तर मिळणार नाही.

मात्र एका आघातातून माळ सहजी उठत नाही. तो म्हणजे नांगर आणि बुलडोझर. मुळे आणि कंद यांच्या रूपाने जमिनीखाली साठलेले माळाचे भांडवलच त्यात नष्ट होते. आशिष नेर्लेकर व जोसेफ वेल्डमन यांच्या २०२० सालच्या अभ्यासानुसार असा माळ पूर्ववत होण्यास किमान एक शतक आणि बहुधा सहस्रके लागतात. ‘सामाजिक उत्तरदायित्वा’च्या निधीतून माळावर खड्डे खणून दाट झाडे लावणे हाही, पुण्यकर्माचा वेष घेतलेला, तोच आघात होय, कारण गवताला सावली मारते.

हे घडते, कारण सरकारी दप्तरात माळ म्हणजे ‘पडीक’. केंद्राच्या पडीक भूमीच्या नकाशांत चराऊ व झुडपी जमिनींची गणना होत आली आहे. ज्या जमिनीवर मेंढरे जगतात ती पडीक, आणि तिच्यावर काँक्रीट ओतले की ती उत्पादक! हे कसले अर्थशास्त्र? गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ सालीच दिला आहे.

गायरानांची नोंद ‘गवताळ परिसंस्था’ अशी करा. तेथील खणाई थांबवा. कोणता तुकडा कधी जाळावा, कधी चारावा, कधी राखावा, हे ग्रामसभेने पशुपालक व वनस्पतितज्ज्ञ यांच्यासह ठरवावे. गुराख्याच्या काडीची चौकशी अवश्य व्हावी. परंतु त्याआधी बुलडोझरच्या परवान्यावर कोणाची सही आहे, तेही जनतेला कळले पाहिजे.